खारपाणपट्ट्यात मॉस: अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या जुलैपासून मी घरात मॉस आणि मॉससारखीच दिसणारी सिलॅजिनेला वाढवते आहे. आता जूनचा पहिला आठवडा चालू आहे, म्हणजे एक अख्खा उन्हाळा पार पडला. हे आधीच सांगते, कारण पावसाळ्यात आमच्याकडे न्हाणीच्या भिंतीवरसुद्धा मॉस आपोआप येतं, त्यात काही विशेष नाही. खरी परीक्षा मे महिन्यात असते. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. पारा ४५ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की सकाळी धुतलेली गोधडी दुपारच्या आत वाळते. त्यात पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या या पट्ट्यातल्या लोकांना विहिरीचं पाणी कसं असतं ते सांगायला नको.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववीला वनस्पतींचं वर्गीकरण असतं. मॉसचा गट ब्रायोफायटा म्हणजे वनस्पतीसृष्टीतले उभयचर, हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं, पण हातात धरून मॉस पाहिलेलं मूल वर्गात एखादंच. फेब्रुवारीतही टेबलावर जिवंत नमुना ठेवता यावा एवढ्यासाठी हे सुरू केलं. पुढे त्याचा जीवच लागला.

सुरुवात दोन गोष्टींनी केली. शाळेच्या जुन्या कुंपणभिंतीवरून विटेच्या कपच्यांसकट खरवडून आणलेलं मॉस, आणि अमरावतीच्या एका नर्सरीतून १२० रुपयांना घेतलेली सिलॅजिनेलाची छोटी कुंडी. नर्सरीवाले तिलाही मॉसच म्हणतात. दिसते तशीच, पण ती मॉस नाही. ती टेरिडोफायटा गटातली, नेच्यांच्या बाजूची. तिला खरी मुळं असतात आणि पाणी वर नेणाऱ्या ऊतीही असतात. हा फरक पुस्तकी वाटतो, पण सगळी निगा त्यावरच ठरते, असं आता मी ठामपणे म्हणेन.

पहिले काही आठवडे दोघींना बोअरचं पाणी दिलं. नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी येतं, ते पिण्यासाठी; वापरायला बोअर, ही आमच्या घरची पद्धत. ऑगस्ट संपता संपता मॉसची टोकं पांढरी पडली, मग तपकिरी झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी शिंपडलं. आठ दिवसांत अर्धा गालिचा गेला. शेवटी शाळेतलं भिंग आणून पाहिलं तर पानापानांच्या बेचक्यात मिठाचे बारीक कण बसलेले. मॉसला मुळं नसतात, मूलाभ म्हणजे मुळांसारखे तंतू असतात आणि ते मुख्यतः धरून ठेवायच्या कामाचे. पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. पाणी ते सगळ्या अंगानं पितं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभर जो पांढरा थर चढतो, तोच थर मी रोज माझ्या मॉसवर चढवत होते. पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र एका मैत्रिणीकडून आणलं: बोअर १९००, पावसाचं २०.

त्या दिवसापासून बोअर बंद. पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहू दिला आणि त्यानंतरचं पाणी २० लिटरच्या तीन कॅनमध्ये भरलं. डास होऊ नयेत म्हणून झाकणाखाली सुती फडका बांधून घट्ट झाकण लावलं आणि कोठीच्या खोलीत अंधारात ठेवलं. माझ्या दोन बरण्या आणि एका माठाला आठवड्याला साधारण दीड लिटर लागतं. पाऊस गेल्यापासून आतापर्यंत पुरलं, तळाशी थोडं उरलंही आहे. ज्यांच्याकडे साठवण नसेल त्यांनी आरओच्या कॅनचं पाणी वापरावं. नळाचं गोडं पाणी असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून घ्यावं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या छंदात हीच एक गोष्ट चुकता कामा नये, बाकीचं सावरता येतं.

दुसरा धडा मामांकडून मिळाला. मामांचा अंजनगाव सुर्जीला पानमळा आहे. विड्याचं पान आणि पानपिंपळी, दोन्ही सावलीची आणि ओलाव्याची पिकं, आणि मामांची सगळी हयात त्यातच गेली. दिवाळीला आले तेव्हा कुंडीकडे बघून म्हणाले, "पोरी, मुयाले नको पाजू, वाऱ्याले पाज. मुयात पानी साचलं का सडते." पानमळ्याला भोवताली ताट्या बांधून वारा अडवतात तो आतला ओलावा टिकावा म्हणूनच. मी त्याच दिवशी सिलॅजिनेला लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत हलवली. तळाला दोन बोटं विटेचा चुरा, त्यावर कोळशाचे चार तुकडे, वर कोकोपीट आणि वाळू अर्धी-अर्धी. बरणी उत्तरेच्या खिडकीत. झाकण रोज सकाळी पंधरा मिनिटं उघडायचं. काचेवर सकाळी धुकं धरून दुपारपर्यंत विरलं तर पाणी बरोबर. दिवसभर थेंब ओघळत राहिले तर जास्त झालं. धुकंच धरलं नाही तर दोन चमचे घालायचे.

बरणीत ती अशी वाढली की बघत बसावं. फांदी दुभंगते त्या बेचक्यातून दोऱ्यासारखं एक पांढरट मूळ अधांतरी खाली सुटतं, चाचपडत गेल्यासारखं, आणि माती लागली की तिथे पकड घेतं. असं मूळ सुटलेली बोटभर काडी कापून ओल्या कोकोपीटवर नुसती आडवी ठेवली तर महिन्याभरात नवं रोप. मी सात काड्या लावल्या, पाच जगल्या.

मॉससाठी मात्र बरणीपेक्षा माठ चांगला. पाझरणारा, जुना, रंग न दिलेला माठ घ्यायचा. मी तो पावसाच्या पाण्यानं अर्धा भरून मोरीच्या आडोशाला ठेवला आणि बाहेरच्या अंगाला मॉसचे तुकडे सुतळीनं बांधले. माठ आतून पाझरतो तेवढा ओलावा त्याला पुरतो. आधी बारीक हिरवे तंतू पसरले. सासूबाईंना वाटलं साधं शेवाळ धरलं आणि त्या नारळाची शेंडी घेऊन घासायलाच निघाल्या होत्या. ती मॉसची पहिली अवस्था असते, तिला हात लावायचा नाही. सहा आठवड्यांनी त्यातून पोपटी कोंब आले आणि जानेवारीत केसाएवढ्या देठांवर बीजाणूंच्या पेट्या डोलायला लागल्या. नववीच्या आकृतीत असतात तशाच, फक्त नखावर मावतील एवढ्या.

जे जमलं नाही तेही सांगते. ताकात मॉस घुसळून विटेवर फासायचं, हा उपाय सगळीकडे सांगतात. आमच्या हवेत चौथ्या दिवशी बुरशी आणि मुंग्या, वीट फेकावी लागली. काळ्या मातीवर मॉस पावसाळ्यात छान धरतं, पण माती सुकून भेगाळली की गालिचाही तिच्याबरोबर फाटतो. म्हणून वीट किंवा माठच. एकोणीस-एकोणीस-एकोणीस या खताचं अगदी पातळ पाणी एकदा दिलं, सिलॅजिनेलाची टोकं जळली. परत कोणतंही खत दिलं नाही आणि काही अडलंही नाही. अंगणात ठेवलेला एक ट्रे कोंबड्यांनी उकरला. ट्रे उंचावर ठेवा.

मार्चपासून खरी धावपळ. सिलॅजिनेलाच्या दोन्ही बरण्या मधल्या खोलीत आणल्या, जिथे कूलर चालतो, पण झोताच्या सरळ रेषेत नाही. झोतात ठेवलेली एक छोटी कुंडी चार दिवसांत कागदासारखी कुरकुरीत झाली. नर्सरीत मिळणारी ही सिलॅजिनेला एकदा पूर्ण वाळली की गेलीच, पाणी घालून परत येत नाही. दुपारी वीज गेली की बरणीवर ओला सुती कपडा टाकायचा. मे महिन्यात तीन वेळा टाकला. एका बरणीची एक बाजू पिवळी पडली, बाकी दोन्ही बरण्या तगल्या.

मॉसचं उलट आहे. एप्रिलनंतर मी माठात पाणी घालणंच थांबवलं. ते काळपट तपकिरी होऊन चिकटून बसलं, बघणाऱ्याला मेलेलंच वाटेल. निकालाच्या दिवशी त्यातली एक विटेची कपची शाळेत नेली होती. मुलं टेबलाभोवती गोळा झाली आणि एका मुलीनं ड्रॉपरनं पावसाचं पाणी सोडलं. खोडाला घट्ट मिटलेली पानं एकेक करून बाहेरच्या बाजूला उलगडली आणि पाच-सात मिनिटांत कपची हिरवी झाली. मुलं हलायला तयार नव्हती. मी या वर्गाला तीन वर्षं शिकवते आहे, इतकी शांतता कधी पाहिली नव्हती.

संजीवनीबद्दल बरेच जण विचारतात. जत्रेत तपकिरी मुठीसारखी वाळलेली मिळते ती सिलॅजिनेलाचीच एक जात, सातपुडा-विंध्याच्या खडकांवर वाढणारी. तिला मात्र वाळून परत उमलता येतं. मी ५० रुपयांना एक घेतली, ताटलीत पाणी घातलं, सकाळपर्यंत पसरली आणि आतून हिरवी झाली. मग ती पाण्यातच ठेवली, तिसऱ्या आठवड्यात सडली. ती खडकावरची आहे. उमलल्यावर मुरमाड मातीत लावून मध्ये मध्ये पूर्ण सुकू द्यायला हवी होती. पण मी दुसरी घेणार नाही. ती कुणी लावून वाढवलेली नसते, डोंगरावरून उपटून आणलेली असते. चिखलदऱ्याला पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर मॉसच्या झुली लोंबतात, तिथूनही कुणी काही उचलू नये. ते मेळघाटचं जंगल आहे, आणि तिथली हवा तुमच्या घरात येणार नाही. आपल्या गावातल्या भिंतीवरचं मॉस आपला उन्हाळा पाहिलेलं असतं, तेच टिकतं.

एकूण खर्च आतापर्यंत ४०० रुपयांच्या आत झाला आहे. वेळ रोजची दहा मिनिटं, उन्हाळ्यात वीस. गावाला आठ-पंधरा दिवस जाणं होत असेल तर मॉस खुशाल ठेवा, सिलॅजिनेला कुणाच्या तरी भरवशावर सोडावी लागेल. माझ्याकडे हे काम सासूबाई करतात. आता त्या बरणीवरचं धुकं माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात.

मृगाचा पाऊस आला की कॅन धुऊन पत्र्याखाली लावायचे आहेत, यंदा तीनऐवजी पाच. पिवळी पडलेली बाजू तेव्हाच कापून काढेन. चांगल्या काड्या जुलैत निघतील, त्यातल्या दोन मामांच्या पानमळ्यात लावून बघायच्या आहेत.