कूलरचा डिजिटल तापमान नियंत्रक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन काचेच्या दारांच्या उभ्या कूलरमधला जुना डायलचा थर्मोस्टॅट काढून आठ महिन्यांपूर्वी मी एक सेन्सर आणि एक रिले (कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) असलेला साधा डिजिटल नियंत्रक बसवून घेतला. जुन्या डायलवरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत; आकडा वाढवला की थंडावा वाढतो, एवढाच त्यांचा अर्थ. त्या मानाने दशांशासह तापमान दिसणे ही मोठी सोय आहे. मात्र नियंत्रक दाखवतो ते सेन्सरच्या टोकाचे तापमान, आतल्या मालाचे नव्हे, हे उमगायला मला पहिला महिना खर्ची घालावा लागला.

झाले असे की, पडद्यावर ३ अंश दिसत असताना खालच्या फळीवरच्या बाटलीतले पाणी ९ अंशांवर होते. नियंत्रकच सदोष असावा, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. परत पाठवण्याआधी पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून, ते ढवळत, त्यात सेन्सर दहा मिनिटे बुडवून ठेवला. पडद्यावर ०.४ आले, म्हणजे उपकरण निर्दोष होते. मग आतले झाकण उघडले, तेव्हा बसवणाऱ्याने सेन्सर थेट कॉइलच्या, म्हणजे आतली हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, पत्र्यांना पट्टीने बांधलेला दिसला. कॉइल सर्वांत आधी गार होते, त्यामुळे बाकीचा कूलर गार होण्यापूर्वीच कॉम्प्रेसर बंद पडत होता. पंखा जिथून आतली हवा परत ओढून घेतो, त्या वाटेवर सेन्सर मोकळा टांगला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फळीवरची बाटली साडेचार अंशांवर आली.

कारखान्यातून आलेली सेटिंग मला पटली नाही. कॉम्प्रेसर बंद होण्याच्या आणि सुरू होण्याच्या तापमानातला फरक १ अंशच ठेवलेला असल्याने दार दोनदा उघडले तरी कॉम्प्रेसर पुन्हा चालू होई. आता तो २ अंशांवर बंद होतो आणि ५ अंशांवर सुरू होतो. बंद झाल्यावर तीन मिनिटे पुन्हा सुरू न होण्याची सोय त्यात आहे. ती कोणी शून्यावर आणू नये.

बर्फ वितळवण्याची व्यवस्था मात्र आंधळी आहे. दुसरा सेन्सर नसल्यामुळे कॉइल मोकळी झाली की नाही हे नियंत्रकाला कळतच नाही. ठरलेल्या वेळी तो कॉम्प्रेसर थांबवतो आणि ठरलेल्या वेळी पुन्हा चालू करतो. एकदा कॉइलवर बर्फाची भिंत तयार झाली, कॉम्प्रेसर अखंड चालू आणि तापमान चढतेच. त्याचे मूळ दाराच्या रबरात निघाले: दारात धरलेली कागदाची पट्टी वरच्या कोपऱ्यात अलगद ओढून काढता येत होती, आणि दमट हवा तिथूनच आत शिरत होती. हा दोष नियंत्रकाच्या माथी मारणे योग्य नाही, पण दोन सेन्सरचा प्रकार घेतला असता तर बिघाडाचे निदान लवकर झाले असते.

खरी तक्रार रिलेबद्दल आहे. सहाव्या महिन्यात पडद्यावरचा कॉम्प्रेसरचा दिवा विझलेला असूनही कॉम्प्रेसर चालूच राहिला आणि बाटल्या गोठल्या. तंत्रज्ञाने मल्टीमीटर लावला, तेव्हा बाहेर जाणाऱ्या तारेवर वीज येतच होती, कारण रिलेचे संपर्क चिकटले होते. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो, आणि पेटीवर छापलेली क्षमता हीटरसारख्या भारासाठीची असते. बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, हे मला अक्षम्य वाटते. नवा नियंत्रक बसवताना मध्ये वेगळा कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह पेलणारा मोठा रिले) घातला आहे, आणि तसे करायची तयारी असेल तरच हे उपकरण घ्यावे, असे माझे मत आहे.

सुटा सेन्सर घेताना त्याचा रोध २५ अंशांना १० किलोओहम आहे, एवढे पाहून भागत नाही. त्याच आकड्याचे दोन प्रकार शून्य अंशाला वेगवेगळा रोध दाखवतात, म्हणून नियंत्रकासोबत आलेल्या जातीचाच सेन्सर मागावा.