खांद्यासाठी डंबेल की रबरी पट्टा? रोटेटर कफच्या व्यायामांची तुलना

जिममध्ये उभं राहून, कोपर काटकोनात वाकवून, डंबेल आत-बाहेर फिरवणारे हमखास दिसतात. रोटेटर कफसाठी, म्हणजे खांद्याचा सांधा जागेवर धरणाऱ्या चार लहान स्नायूंसाठी, हा व्यायाम जवळपास बिनकामाचा. वजन ओढतं खाली, हात फिरतो आडवा. कष्ट पडतात ते बायसेप्सला.

तेच डंबेल घेऊन कुशीवर झोपा, चित्र पालटतं. इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर या खांद्यामागच्या दोन स्नायूंसाठी आमची पहिली पसंती यालाच. दुखरा हात वर, कोपर ९० अंशांत, बगलेत टॉवेलची गुंडाळी. मनगट सरळ ठेवून पंजा पोटापासून छताकडे न्या, दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. सर्वाधिक भार येतो तो हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर असताना. त्याच्या वर गेल्यावर, जिथे स्नायूची ताकद कमी पडते, तिथे भारही हलका होतो. टॉवेल निसटला म्हणजे कोपर अंगापासून सुटलं आणि डेल्टॉइडने (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूने) काम आपल्याकडे घेतलं, असं समजा. सुरुवातीला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते. १५ वेळा, तीन सेट सहज जमले की १ किलो. २-३ किलोच्या पुढे जायची घाई नको. हे स्नायू लहान आहेत.

दाराला बांधून ओढायच्या पट्ट्याचं गणित उलटं. तो जितका ताणाल तितका जड होतो, म्हणजे नेमका शेवटी, स्नायू आखूड आणि कमजोर असताना. मग लोक कंबर वळवतात, मनगट मोडतात. उपाय सोपा: दाराच्या एक पाऊल जवळ या किंवा कमी ताणाच्या रंगाचा पट्टा घ्या. थेराबँडचा पिवळा पट्टा दुप्पट लांब ताणला की साधारण १.३ किलो ओढतो, लाल १.७, हिरवा २.१. इतर कंपन्यांचे रंग याच क्रमाने असतील असं नाही, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. पट्टा कोपराच्या उंचीवर बांधा आणि दर वेळी कडा तपासा. बारीक चीर दिसली की तो बाद.

हात आत वळवणाऱ्या सबस्कॅप्युलॅरिस या कफच्या स्नायूसाठी मात्र पट्टाच सोयीचा. पंजा पोटाकडे ओढायचा, बस्स. जोर फार लावलात तर छातीचा मोठा स्नायू काम पळवतो.

उरला सुप्रास्पायनेटस, हात बाजूला उचलायला मदत करणारा कफचा वरचा स्नायू. अंगठा जमिनीकडे करून हात तिरका उचलण्याचा 'एम्प्टी कॅन' अजूनही शिकवला जातो. तो वगळा. या स्थितीत हात आतल्या बाजूला वळतो, खांद्याच्या टोकाखालची जागा अरुंद होते आणि आधीच सुजलेला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) चिमटतो. अंगठा वर ठेवून, हात शरीरापुढे साधारण ३० अंशांवर ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलला तरी सुप्रास्पायनेटसला तेवढंच काम मिळतं, डेल्टॉइडची लुडबुड कमी होते. उचलताना खांदा कानाकडे जात असेल तर वजन कमी करा.

आठवड्यातून तीन दिवस पुरे, आणि बेंच प्रेसच्या आधी कफ दमवू नका. व्यायामानंतरची किंचित ठणक चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर भार निम्मा करा. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल तर पट्टा बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, विशेषतः मधुमेह असताना, तर ते बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. तिथे आधी हालचाल मोकळी करावी लागते, ताकदीचे व्यायाम नंतर.