लिकिंग ब्रँच: तोडलेली फांदी बांधावी की दोर टांगावा?

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणं टिपायचा हंगाम उघडतो, आणि त्याआधी हाच प्रश्न येतो: स्टँडसमोर, म्हणजे लपून बसायच्या मचाणासमोर, खोटा स्क्रेप करायचा (नर हरीण फांदीखालची माती उकरून खूण ठेवतं, तशी आपणच करायची), तर वर लिकिंग ब्रँच, म्हणजे हरणं हुंगतात-चाटतात ती फांदी, म्हणून काय लावायचं? ओकची फांदी तोडून बांधायची की मनिला दोर टांगायचा? मी दोन्ही वापरले आहेत.

खालच्या उकरलेल्या मातीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरं काम वरच्या टोकावर चालतं. माती मुख्यतः रटच्या, म्हणजे हरणांच्या माजाच्या काळाच्या, तोंडावर उकरली जाते. फांदी मात्र वर्षभर हुंगली-चाटली जाते, बक (नर), डो (मादी), पाडसं सगळ्यांकडून. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, बक कपाळ, डोळ्यापुढची ग्रंथी आणि लाळ असं सगळं त्या टोकाला लावून जातो. आपल्याकडचा चितळही मागच्या पायांवर उभा राहून उंच फांदीला तोंड घासतो. जंगल सफारीत ते पाहिलं असेल, तर इथलं वागणं लगेच ओळखू येईल.

फांदी फुकट मिळते आणि हरणांना पहिल्यापासून ओळखीची वाटते. माझ्या जागेवर तरी ती दोराकडे वळण्याआधी फांदीकडे वळली. फक्त ओक तोडताना तारीख सांभाळा. १५ एप्रिल ते १५ जुलै ओकला करवत लावू नये असं इथे सांगतात. ताज्या जखमेवर येणारे भुंगे ओक विल्ट या झाड वाळवणाऱ्या रोगाची बुरशी आणतात आणि रेड ओक त्यातून सहसा वाचत नाही.

पण तोडलेली फांदी वाळते, आणि माझं घोडं तिथेच अडलं. ऑगस्टअखेर बांधलेली फांदी ऑक्टोबरच्या मध्याला कडक झालेली असते. पानं गळत नाहीत, सुकून तशीच फडफडत राहतात आणि हालचाल टिपणारा कॅमेरा रिकामे फोटो काढत बसतो. तेही एक वेळ चालेल. पण बकला तोंडात धरायला जी बारीक टोकं हवीत, तीच कटकन मोडतात. जोरकस बकने शिंगं अडकवून ओढलं की झिप टाय सरकतो आणि साडेचार-पाच फुटांवर लोंबणारं टोक भलतीकडेच वळतं. मग ते नीट करायला जायचं ते नेमकं ऑक्टोबरच्या शेवटी, जेव्हा त्या बाजूला फिरकूही नये! स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी रात्रीच होतात. उजेडातल्या मोजक्या भेटींसाठी आपण स्टँडवर बसतो. रबरी बूट, हातमोजे, वाऱ्याची दिशा, सगळं पाळूनही माणसाचा वास मागे राहतोच. अशा फेरीनंतर जाणता बक उजेडात यायचा बंद होतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. १५ नोव्हेंबरला बंदुका सुरू होण्याआधीचे ते दोन आठवडे अशा दुरुस्तीत घालवायला मन धजत नाही.

दोराला ही कटकट नाही. एक-दीड इंच जाडीचा, काही न लावलेला नैसर्गिक धाग्याचा दोर घ्या, नायलॉन नको. आडव्या फांदीला घट्ट गाठ मारून खालच्या वीतभर भागाचा पीळ सोडा, धाग्यांचा झुपका होऊ द्या. बकने ओढला तर झोका घेतो, सोडला की जागेवर येतो. धाग्यांत वासही मुरतो, माझ्या अनुभवात पावसानंतरही टिकतो. हरणांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो, हे खरं. म्हणून मी तो मे महिन्यातच टांगतो. खारी धागे ओढून नेतात, तेव्हा लांबी हातभर जास्त ठेवलेली बरी.

टोकाला डोळ्यापुढच्या ग्रंथीच्या वासाचं कृत्रिम लूअर (वासाचं आमिष) पुरतं. खऱ्या मूत्राची बाटली मी घेत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळेतून-मूत्रातून बाहेर पडतात, आणि व्हर्जिनिया राज्याने २०१५ मध्येच हरणाचं खरं मूत्र वापरायला बंदी घातली. सरकारी जमिनीवर शिकार करत असाल, तर फांदी तोडणं आणि दोर तिथे सोडून येणं, दोन्हींबाबत तिथले नियम आधी वाचा.

जागा नवी असेल आणि हंगाम तोंडावर आला असेल, तर यंदा फांदी बांधायला माझी हरकत नाही. मात्र त्याच झाडाला शेजारी दोरही टांगून ठेवा आणि हंगाम संपल्यावर तो काढू नका.