फ्री गोल्फ फिटिंगच्या नावाखाली दीड लाखाला चुना, आपल्याकडच्या खेळणाऱ्यांनी वाचाच

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, कुठलेही असा, नवीन नवीन गोल्फ शिकायलात आणि कोणी हॉटेलच्या हॉलमध्ये बॉलचा स्पीड आणि अंतर दाखवणारं मशीन लावून फ्री फिटिंगला (म्हणजे आपल्या मापाला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, जुळवून द्यायला) बोलावलं तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे 1 लाख 45 हजार गेलेत, आणि ओळखीतल्या अजून काही जणांचे गेलेत, त्यातले एक काका तर रिटायरमेंटच्या पैशातून सेट घेऊन बसलेत, मला माझ्यापेक्षा त्यांचा जास्त त्रास होतोय.

आमच्याकडं अडचण अशी की गोल्फचं सामान हातात घेऊन बघायची सोयच नाही. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत बाहेरचे साहेब लोक येतात, त्यांच्यासोबत राहून आपल्या लोकांना नाद लागतो, मग कोणी शेतात नेट बांधून मारतं, कोणी ओळख काढून पुण्याला येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर जाऊन येतं, आणि सामान म्हणजे कोणाचा तरी जुना सेट. त्यामुळं जालना रोडच्या हॉटेलात मशीन घेऊन कोणी आला की सगळे जातात. त्याला पण हे पक्कं माहीत असतं.

आता त्यानं काय केलं ते नीट सांगतो. आधी माझा जुना 7 नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) मारायला लावला, मग त्याचा 7 नंबरचा दिला. स्क्रीनवर सरळ 20 यार्ड जास्त! "सर तुमच्यात पॉवर आहे, जुना क्लब तुम्हाला अडवायलाय, हा सगळा शाफ्टचा कमाल आहे," असं म्हणून लगेच महागातला शाफ्ट (क्लबची दांडी) लावायची गोष्ट सुरू. प्रत्यक्षात शाफ्टचा काही संबंध नव्हता. मी कंपनीत क्वालिटीला आहे, सेट आल्यावर मित्राच्या टूलरूममध्ये नेऊन एकेक क्लब मोजला. माझ्या जुन्या 7 नंबरचा लॉफ्ट (तोंड मागं किती झुकलंय तो कोन) भरला 34 डिग्री, नवीन 7 नंबरचा 28. आणि माझ्या जुन्या सेटमधला 5 नंबरचा आयर्न 27. म्हणजे त्यानं माझ्या हातात जवळपास 5 नंबरचाच क्लब दिला होता, फक्त खाली 7 आकडा कोरलेला. लॉफ्ट कमी म्हटल्यावर बॉल लांब जाणारच ना भाऊ. हल्ली बऱ्याच कंपन्यांचे सोप्या टाइपचे आयर्न असेच असतात, त्यात बेकायदेशीर काही नाही, पण ते लपवून शाफ्टच्या नावावर पैसे काढणं ही सरळ लबाडी आहे. वर अजून एक, असल्या सेटचा पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा, जास्त लॉफ्टचा क्लब) 43 डिग्रीचा असतो आणि सँड वेज 56 चा, मधे एवढी मोठी फट पडते की तुम्हाला अजून एक वेज घ्यावाच लागतो, आणि तो वेज पण त्याच्याकडंच तयार असतो.

ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारायचा क्लब) तर विचारूच नका. मित्रानं मोबाइलवर व्हिडिओ काढला होता तो नंतर थांबवून थांबवून बघितला. स्क्रीनवर क्लबचा स्पीड ताशी 80 माइल आणि बॉलचा 126. भागून बघा, 1.57 येतं. ह्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, आणि नियमात बसणाऱ्या ड्रायव्हरला, कितीही मधोमध बसला तरी, हा आकडा 1.5 च्या आसपास येऊन थांबतो, कारण क्लबच्या तोंडाला किती उसळी असावी ह्यालाच मर्यादा घातलेली आहे. टूरवरचे प्लेयर सुद्धा 1.57 काढत नाहीत. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात अल्टिट्यूड 7,000 फूट! आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर, म्हणजे 1,900 फुटाच्या आत. जास्त उंचीवर हवा विरळ, बॉलला अडवणारी हवा कमी, म्हणून मशीन लांबचा कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) दाखवतं. हे सेटिंग एक बोट लावून बदलता येतं आणि ते त्याच्या हातात असतं, आपल्या नाही. माझा जुना ड्रायव्हर मारताना ते सेटिंग किती होतं हे व्हिडिओत आलं नाही, नाहीतर तो पण पुरावा झाला असता.

त्यानंतर स्टिफ (कडक) शाफ्ट गळ्यात मारला. 80 माइलच्या स्पीडला साधारणपणे रेग्युलर किंवा त्याहून मऊ शाफ्ट बघतात, स्टिफनं बऱ्याच जणांचा बॉल खाली राहतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडं जातो, माझा अगदी तसाच जायला लागला. आणि शाफ्टवर आर (रेग्युलर) लिहिलंय का एस (स्टिफ) लिहिलंय ह्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाहीच, एकीचा आर दुसरीच्या एसएवढा कडक निघू शकतो, म्हणून नुसत्या अक्षरावर घेऊच नका, मारून बघा.

माझी उंची 6 फूट 1 इंच, म्हणून आयर्न अर्धा इंच लांब आणि लाय (दांडी आणि जमिनीमधला कोन) 2 डिग्री उभी करून देतो म्हणून 12 हजार वेगळे घेतले. टूलरूममध्ये मोजलं तर लांबी कंपनीच्या यादीतली स्टँडर्ड, लाय पण स्टँडर्ड, डिग्रीच्या काट्याचा सुद्धा फरक नाही. शिंप्यानं माप घ्यायचं नाटक करून रेडीमेड शर्ट हातात द्यावा तसला प्रकार. खरा फिटर काय करतो, मनगटापासून जमिनीपर्यंत अंतर घेतो, क्लबच्या तळाला आणि तोंडाला टेप लावून मारायला लावतो, टेपवर घासल्याची खूण टाचेकडं आहे का टोकाकडं ते दाखवतो, मग बोलतो. इथं टेपचा तुकडा पण काढला नाही.

घरी बघायचं असेल तर बॉलवर मार्करनं जाड उभी रेघ ओढा, रेघ क्लबच्या तोंडाकडं ठेवून मारा, तोंडावर ठसा सरळ उभा उठला तर लाय जमली, तिरका उठला तर नाही. फुकटात होतं.

आणि ड्रायव्हर नकलीच निघाला. टूलरूममधल्या पोराला डोकं जड वाटलं म्हणून त्यानं खिशातलं चुंबक सहज तोंडाला लावलं तर टच्चकन चिकटलं. मोठ्या ब्रँडच्या ड्रायव्हरचं तोंड टायटॅनियमचं नाहीतर कार्बनचं असतं, ह्या दोन्हीला चुंबक धरत नाही (तळाच्या वजनाच्या स्क्रूला कधी धरू शकतं, ते वेगळं). शाफ्ट जिथं डोक्यात जातो तिथल्या नळीवर सिरीयल नंबर असतो, माझ्यावरचा इतका उथळ होता की नखानं घासला तर पुसट व्हायला लागला. तो नंबर कंपनीला मेल केला, उत्तर आलं की असा नंबर आमचा नाही. हा मेल कोणालाही करता येतो आणि तो पैसे देण्याआधी करा, क्लब हातात असताना फोटो काढून. समोरचा फोटो काढू देत नसेल तर उठून या.

फोन केला तर आधी म्हणे कस्टम माल परत होत नसतो, मग उचलणंच बंद. यूपीआयनं पैसे गेले ते त्याच्या पर्सनल खात्यात, हातात दिलं ते कच्चं बिल, जीएसटी नंबर नाही. पण कस्टम म्हणून काही कायदा संपत नाही. जे सांगितलं ते दिलंच नाही आणि नकली माल असली म्हणून विकला तर ग्राहक कायद्यात तक्रार होते. 1915 ह्या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर आधी नोंद करा. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात केस टाकता येते, विकणारा कुठल्या का गावचा असेना, आणि 5 लाखापर्यंतच्या मालाला फी लागत नाही. मी टाकलीय. टूलरूमचा मोजमापाचा रिपोर्ट, कंपनीचा मेल, व्हिडिओ, यूपीआयचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. काकांची पण तयार करायलोय, त्यांचा ड्रायव्हर सुद्धा चुंबकाला चिकटला.

ज्यांनी अशाच हॉटेलातल्या कॅम्पमधून सेट घेतलाय त्यांनी कच्चं बिल फेकू नका, चॅट डिलीट करू नका, क्लबची ग्रिप किंवा शाफ्ट बदलू नका, आहे तसा ठेवा. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते. लॉफ्ट-लाय मोजून पाहिजे असेल तर रविवारी क्लब घेऊन या, मित्राची टूलरूम वाळूजलाच आहे, तो पैसे घेत नाही.