स्कॉटिश लिटरेचर शिकायचंय: ग्लासगो की एडिनबरा?

इंग्लिश लिटरेचर घेऊन बीए केलेल्या ज्यांना स्कॉटलंड, तिथल्या भाषा आणि "आम्ही ब्रिटिश की स्कॉटिश" हा तिथला जुना वाद यात खरोखर रस आहे, त्यांची गाडी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन अडते, ग्लासगो आणि एडिनबरा. रँकिंग बघून ठरवू नका, कारण रँकिंग सगळ्या युनिव्हर्सिटीचं असतं आणि आपल्याला बघायचंय हा विषय तिथं कुठल्या घरात राहतो ते.

ग्लासगोत तो स्वतःच्या घरात राहतो. १९७१ पासून तिथं स्कॉटिश लिटरेचरचं वेगळं डिपार्टमेंट आहे, जगात असं दुसरं नाही. त्याची मुळं अजून मागं जातात, १९११ साली युनिव्हर्सिटीला लागूनच असलेल्या केल्व्हिनग्रोव्ह पार्कात स्कॉटलंडचा इतिहास, कला आणि उद्योग यांचं भलंमोठं प्रदर्शन भरलं ते मुळात या विषयाच्या प्रोफेसरपदासाठी पैसा उभा करायला, आणि १९१३ मध्ये स्कॉटिश इतिहास आणि साहित्याची चेअर सुरू झाली. म्हणजे लोकांनी तिकिटं काढून हा विषय उभा केलाय, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याच्यावर काम करणारं खास सेंटरही इथंच आहे.

एडिनबरात इंग्लिश आणि स्कॉटिश एकाच छताखाली. वाचताना किरकोळ फरक वाटतो पण त्यानं प्रश्नच बदलतात. एकत्र शिकताना बर्न्स आणि वॉल्टर स्कॉट सहज वर्ड्सवर्थच्या शेजारी येऊन बसतात, तुलना आपोआप होते, पण मापाची पट्टी बऱ्याचदा इंग्लिशच राहते. वेगळं शिकताना मध्ययुगातल्या डनबार या कवीपासून १७०७ चं इंग्लंडबरोबरचं युनियन, मग बर्न्स, मग विसाव्या शतकातला कवी मॅकडायर्मिड अशी सलग साखळी हातात येते, मात्र त्यात एक धोका आहे, सगळं साहित्य म्हणजे राष्ट्राचीच गोष्ट असं वाटायला लागतं. उदाहरणार्थ, स्कॉटलंडला स्वतःची असेंब्ली हवी का या १९७९ च्या रेफरेंडममध्ये "हो" ला ५१.६ टक्के मतं पडली पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही म्हणून ती मिळाली नाही, पार्लमेंट आलं ते १९९९ ला, आणि मधल्या वीस वर्षांत राजकारण्यांचं काम लेखकांनी केलं असं नेहमी सांगितलं जातं. ऐकायला छान आहे, पण मला हे जरा जास्तच सुबक वाटतं. जॅकी के सारखी कवयित्री, वडील नायजेरियन, दत्तक गेलेली, ग्लासगोत वाढलेली, ती या साच्यात कुठं बसते हा प्रश्न दोन्हीकडच्या सेमिनारमध्ये विचाराच.

आता एडिनबराची बाजू, आणि ती हलकी अजिबात नाही. १७६२ साली ह्यू ब्लेअरला तिथं रेटरिकची (बोलण्या-लिहिण्याच्या कलेची) रीजियस चेअर, म्हणजे राजानं नेमलेलं प्रोफेसरपद, मिळालं, इंग्लिश लिटरेचर हा विषय युनिव्हर्सिटीत शिकवायची सुरुवात बरेच अभ्यासक तिथूनच धरतात. त्या काळात एडिनबराची शिकलेली मंडळी आपल्या बोलण्या-लिहिण्यातले स्कॉटिश शब्द वेचून काढत होती, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं तर टाळायच्या शब्दांची यादीच छापली होती. म्हणजे इंग्लिश लिटरेचर हा विषय उभा राहण्यात स्कॉटिश माणसाच्या स्वतःच्या बोलीबद्दलच्या संकोचाचाही हात आहे! "शुद्ध बोल" म्हणून शाळेत ज्यांनी ऐकून घेतलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तो संकोच जिथं घडला त्याच गावात बसून त्याचा अभ्यास करायचा, हे एडिनबराचं खरं बळ. शिवाय नॅशनल लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि १९५१ ला सुरू झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय. हेमिश हेंडरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगाव, भटक्या लोकांच्या तंबूंत जाऊन गाणी आणि गोष्टी रेकॉर्ड केल्या त्या तिथं आहेत. छापील पुस्तकांपेक्षा मौखिक परंपरा, लोकगीतं, बॅलड यात जीव असेल तर मी बिनधास्त एडिनबरा म्हणेन.

पण भाषा आणि सामाजिक वर्ग हा प्रश्न असेल तर ग्लासगो. ग्लासगोचा कवी टॉम लिओनर्ड याची एक कविता आहे, बातम्या देणारा माणूस ठार ग्लासगोच्या बोलीत सांगतो की मी साहेबी उच्चारात बोलतो कारण तुमच्यासारखा बोललो तर तुम्हाला ते खरंच वाटणार नाही. कादंबरीकार जेम्स केलमनला १९९४ ला बुकर मिळालं तेव्हा त्या कादंबरीतल्या बोलीवरून केवढा गदारोळ झाला. हे दोघं आणि लेखक ॲलॅस्डर ग्रे, तिघांनी मिळून २००१ मध्ये ग्लासगोला क्रिएटिव्ह रायटिंगचं प्रोफेसरपद सांभाळलं. गेलिकचा, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेचा, आधार दोन्हीकडे आहे, तो पेपर टाळू नका, नाहीतर चित्र अर्धंच राहतं.

खर्चाचं थोडक्यात: स्कॉटिश मुलांना पदवीची ट्युशन फी भरावी लागत नाही, आपल्याला भरपूर लागते, दोन्हीकडे. घरभाडं एडिनबरात सहसा जास्त. नावांनी गोंधळू नका, तिथं चार वर्षांच्या पदवीलाच एमए म्हणतात आणि मास्टर्सला ग्लासगोत एमलिट, तर एडिनबरात साहित्याच्या बऱ्याच कोर्सेसना चक्क एमएससी.

आणि एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) बळंच "भारताशी साम्य" घुसवण्यापेक्षा शहररचनाकार पॅट्रिक गेडिसकडे बघा. १८९५ ला एडिनबरात बसून यानं स्कॉटिश पुनरुज्जीवनाची हाक दिली आणि १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्रोफेसर झाला. त्याचे कागद एडिनबरा आणि ग्लासगो दोन्ही शहरांत आहेत, मुंबईतून सुरू करून तिथं नेता येईल असा विषय आहे हा. अप्लाय करण्याआधी घरबसल्या एवढं करा: टोबर अन दुअल्खस या साइटवर स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजची ती जुनी रेकॉर्डिंग्ज फुकट ऐकता येतात आणि स्कॉट्स भाषेचा (बर्न्सच्या कवितांची बोली) मोठा शब्दकोशही ऑनलाइन फुकट आहे, तो शेजारी उघडून बर्न्सची एक लांब कविता पूर्ण वाचा, आणि दोन्हींपैकी कशात तुम्ही वेळ विसरलात ते एसओपीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.