डिफरन्शियल ‘गेले’ म्हणून उकळलेले साडेचौतीस हजार

मागच्या चाकांवर चालणारी जुनी डिझेल गाडी ज्यांच्याकडे आहे, आणि प्रवासात गाडीखालून आवाज आला की महामार्गावरच्या अनोळखी गॅरेजवर ज्यांना विसंबावे लागते, त्यांनी हा अनुभव वाचावा. या फसवणुकीची खुबी अशी, की गॅरेजवाल्याने मला जे जे दाखवले ते सगळे खरोखरच तसे घडत होते. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेली, इंजिनाची गती दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची जुळणी. धडधाकट डिफरन्शियल जसे वागते तसेच ते वागत होते आणि तोच बिघाड आहे, असे तो सांगत होता.

साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो होतो. ताशी ६०च्या पुढे वेग गेला की मागच्या बाजूने एकसुरी घरघर येई आणि वेगाबरोबर वाढत जाई. दिवस रविवारचा, कंपनीचे सर्व्हिस सेंटर बंद, सोबत वयस्कर आई. कराडच्या अलीकडे रस्त्यालगत एक बऱ्यापैकी मोठे गॅरेज दिसले, तेथे गाडी घेतली. मालकाने स्वतः गाडीची एक फेरी मारली आणि परत येऊन ‘हौसिंगमधला आवाज आहे’, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी आवरणातला, असे सांगितले.

त्याने मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली, गाडी गिअरमध्ये ठेवली, इंजिन बंद केले आणि डावे चाक हाताने पुढे फिरवायला मला सांगितले. मी ते फिरवले, तसे उजवे चाक उलट दिशेने फिरू लागले. ‘साहेब, दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरायला पाहिजेत. आतले स्टार गिअर गेलेत. घाटात एखादं चाक जाम झालं तर गाडी जागेवर राहणार नाही,’ असे तो म्हणाला. त्यानंतर त्याने तेच चाक मागेपुढे हलवून आतला प्ले, म्हणजे ढिलाई, ऐकवला. ठक्‌-ठक्‌ असा आवाज स्पष्ट येत होता. शेवटी हौसिंगच्या तळाचे बूच काढून त्याच्या टोकाला चिकटलेला करडा लगदा त्याने बोटावर घेतला आणि उन्हात धरला. लगदा चमकत होता. ‘हा बघा, क्राऊन-पिनियनचा चुरा.’

हे तीन पुरावे पाहिल्यावर नाही म्हणणे कोणालाही कठीण जाईल. म्हणून त्या प्रत्येकाचा खरा अर्थ काय होता, हे जरा सविस्तर सांगतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर धरले, तर काटकोनातल्या एका वळणात बाहेरचे चाक सुमारे २.२ मीटर अधिक धावते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जखडलेली असती, तर वळणावर एक चाक घासत गेले असते. ते टाळण्यासाठी प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या, टोकाचे लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते, क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आडव्या पिनेवर स्टार गिअर बसवलेले असतात आणि ते दोन्ही एक्सलच्या टोकांवरच्या गिअरमध्ये अडकलेले असतात. सरळ रस्त्यावर स्टार गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते गरगरतात. वळणावर ते स्वतःभोवतीही फिरू लागतात आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते, तेवढीच दुसऱ्याला देतात. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज क्राऊनच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते, हा साध्या डिफरन्शियलचा न मोडणारा हिशेब आहे.

आता गाडी गिअरमध्ये असून इंजिन बंद असेल, तर शाफ्ट आणि क्राऊन जागच्या जागी अडकून राहतात. क्राऊनच्या फेऱ्या शून्य, म्हणून दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीजही शून्य: एक चाक पुढे फिरवले की दुसऱ्याला तेवढेच मागे फिरावे लागते. म्हणजे उजवे चाक उलटे आणि गुळगुळीतपणे फिरले, यातून स्टार गिअर शाबूत असल्याचेच सिद्ध होत होते. त्यांचे दाते तुटले असते तर दुसरे चाक अडखळत फिरले असते किंवा हललेच नसते. गिअर न्यूट्रलमध्ये असताना हाच प्रयोग केला तर आतल्या घर्षणानुसार दुसरे चाक त्याच दिशेनेही फिरू शकते, आणि म्हणूनच त्याने गाडी आठवणीने गिअरमध्ये टाकली असावी. काही गाड्यांत आपोआप लॉक होणारे किंवा घसरण रोखणारे डिफरन्शियल असते, तेथे हे वागणे वेगळे दिसेल. माझ्या गाडीत तसे काही नाही.

प्लेची गोष्टही अशीच आहे. क्राऊन आणि पिनियन यांच्या दात्यांमध्ये मुद्दाम फट ठेवावी लागते. ती साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असते आणि डायल गेज लावून मोजतात. त्यात स्टार गिअरची, एक्सलच्या खाचांची आणि शाफ्टच्या जॉइंटची थोडी थोडी ढिलाई मिळते, आणि चाकाच्या कडेला हात लावून पाहणाऱ्याला ती बरीच मोठी वाटते. बरीच वर्षे चाललेल्या गाडीत ठक्‌-ठक्‌ ऐकू येणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. लगद्याचे म्हणाल, तर त्या बुचाला चुंबक बसवलेले असते ते एवढ्याचसाठी. दाते एकमेकांवर घासून निघणारी पिठासारखी बारीक भुकटी त्यावर जमतेच. घाबरायचे ते बोटांना टोचणारे कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर.

यातले काहीही त्या वेळी समोर नव्हते. ‘चार तास लागतील, तोवर जेवून या’ असे सांगून त्याने आम्हाला पलीकडच्या हॉटेलात पाठवले. परतलो तेव्हा हौसिंग काळ्या रंगाने चकाकत होते. नवा क्राऊन-पिनियन संच, स्टार गिअर, बेअरिंग, ऑइल सील, ९० नंबरचे ऑइल आणि मजुरी असे एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेले ३४,५०० रुपये त्याने मागितले, आणि ते मी यूपीआयने दिले. जुने भाग मागितल्यावर एका पोत्यात झिजलेला क्राऊन आणि पिनियन बांधून दिला. महामार्गाला लागताच घरघर पूर्वीसारखीच आली. फोनवर त्याचे उत्तर तयार होते: ‘नवीन सेट आहे, हजारभर किलोमीटर रनिंगमध्ये बसेल.’ नव्या गिअरना काही अंतर सांभाळून चालवावे लागते हेही खरेच आहे, म्हणून हे उत्तरही पटण्याजोगे होते.

कोल्हापुरात माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, उद्यमनगरात गिअर कापण्याचे वर्कशॉप चालवतात. पोते उघडून त्यांनी पिनियन हातात घेतले, खडूने एका दात्यावर खूण केली आणि मोजायला लागले. पिनियनला ८ दाते, क्राऊनला ४१. म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या पाचाहून किंचित अधिक फेऱ्या. मग गाडीची मागची बाजू घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवून, गिअर न्यूट्रल करून, दोन्ही चाके आम्ही दोघांनी मिळून बरोबर एक फेरी फिरवली आणि त्यांच्या कारागिराने शाफ्टवरच्या खडूच्या खुणेकडे पाहून फेऱ्या मोजल्या. त्या चारही पुऱ्या भरल्या नाहीत. ‘पाव्हणं, हे तुमच्या गाडीचं न्हवंच,’ दाजी म्हणाले. (दोन माणसे नसतील तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसऱ्या चाकाच्या दोन फेऱ्या मोजाव्यात, हिशेब तोच येतो.)

पुढचे सगळे झरझर उलगडले. हौसिंगमधून क्राऊन बाहेर काढायचा तर आधी दोन्ही एक्सल ओढून काढावे लागतात. पण एक्सलच्या बोल्टभोवती जुना चिखल वाळून दगड झाला होता आणि कोठेही पाना लागल्याची खूण नव्हती. हौसिंगच्या बोल्टवरचा नवा काळा रंग नखाने खरवडला, तर खाली अखंड गंज. नवे गिअर ऑइल मधासारखे पिवळसर असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. आमच्या गाडीतून निघाले ते काळे आणि कमी भरलेले. ही कमतरता निव्वळ बेपर्वाई होती, कारण अशा क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर जोराने सरकतात आणि त्यांना जीएल-५ दर्जाचेच ऑइल पुरेसे असावे लागते. थोडक्यात, बूच काढण्यापलीकडे डिफरन्शियलला कोणी हात लावलेला नव्हता.

मूळ आवाज शोधायला फारसा वेळ लागला नाही. कारागिराने चाकाजवळच्या स्प्रिंगच्या पाट्यावर तळहात टेकवून एकेक चाक फिरवले. उजवीकडे काही नाही. डावीकडे हाताला वाळू दळल्यासारखी थरथर लागली. डाव्या चाकाचे बेअरिंग गेले होते. ते बदलायला साहित्य आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत खर्च आला, आणि घरघर थांबली.

दाजींनी त्या दिवशी आवाजाची जी पारख सांगितली ती मला सर्वांत उपयोगी वाटते. क्राऊन-पिनियनचा आवाज अॅक्सिलरेटरशी बांधलेला असतो: जोर दिला की एक सूर, पाय काढला की दुसरा किंवा एकदम गप्प. चाकाच्या बेअरिंगला अॅक्सिलरेटरशी देणेघेणे नसते. रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवली की भार पडणाऱ्या बाजूचे बेअरिंग जोराने बोलते. स्टार गिअर खराब असतील तर सरळ रस्त्यावर शांतता आणि वळणावर खडखड. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ठोका बसत असेल, तर आधी शाफ्टच्या जॉइंटमधले क्रॉस पाहावेत. माझी घरघर पाय काढल्यावरही तशीच राहत होती, आणि गॅरेजवाला फेरी मारून आला तेव्हा हे त्यालाही कळले असणारच.

आपल्या गाडीत कोणता भाग आहे, हेही ठाऊक असावे. इनोव्हा क्रिस्टाचे इंजिन मागची चाके फिरवते, इनोव्हा हायक्रॉसचे पुढची. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. मागे काहीच नसते. माझ्या एका सहकाऱ्याने अशा गाडीच्या ‘मागच्या डिफरन्शियलच्या ऑइलचे’ पैसे भरले आहेत.

मी काय कारवाई केली, तेही नोंदवतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चिठ्ठी, यूपीआयची नोंद, न उघडलेल्या बोल्टची छायाचित्रे आणि दाते मोजल्याचे चित्रीकरण जोडून मी आधी नोटीस पाठवली. त्यानंतर गॅरेजवाल्याने २०,००० रुपये परत केले आणि ‘बाकीची मजुरी समजा’ असा निरोप धाडला. कोणत्या कामाची मजुरी, हे त्याने अद्याप कळवलेले नाही. उरलेल्या १४,५०० रुपयांसाठी तक्रार जिल्हा आयोगात दाखल आहे.