बोटीच्या गिअरसाठी ऑइल: साधं मरीन, सिंथेटिक की गाडीतलं?

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्हचं (इंजिन आत, गिअर आणि पंखा मागे बाहेर) गिअर ऑइल घ्यायला गेलात की तीन पर्याय समोर येतात: साधं मरीन ८०डब्ल्यू-९० (हे आकडे ऑइलच्या जाडीचे), सिंथेटिक मरीन ७५डब्ल्यू-९० आणि चारचाकीच्या डिफरन्शियलमध्ये जातं ते जीएल-५ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग). तिसरं बहुधा स्वस्त, त्यामुळे मोह होतोच.

गिअरचे दात सांभाळण्यात गाडीचं ऑइल कमी पडत नाही. जड दाबाखाली धातूवर थर धरणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं त्यातही असतात. फरक पडतो तो पाण्याचा. गाडीचा डिफरन्शियल काही पाण्यात बुडून चालत नाही. इथे मात्र पंख्याच्या शाफ्टवर गळाची तंगूस गुंडाळली गेली की सील कापलं जातं आणि पाणी आत शिरतं. मरीन ऑइल असं थोडं पाणी स्वतःत मिसळून घेतं, गंज रोखतं आणि दातांवरचा थर टिकवतं. गाडीच्या ऑइलमध्ये तेच पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि बोट उभी असताना बेअरिंग गंजायला लागतात. म्हणून तिसरा पर्याय माझ्या मते बादच.

उरले दोन. छोटं-मध्यम आउटबोर्ड, बेताचा वेग, ऑइल वेळेवर बदलायची सवय असेल तर साधं मरीन पुरे. मोठं इंजिन, स्टर्नड्राइव्ह, कायम ओझं ओढणं किंवा कडाक्याची थंडी असेल तर सिंथेटिकला जादा पैसे मोजावेत: गरम झाल्यावर ते कमी पातळ होतं आणि थंडीत गिअर जड पडत नाही. पण सिंथेटिक घातलं म्हणून बदलायची मुदत लांबवू नका. बहुतेक कंपन्या १०० तास किंवा हंगामातून एकदा सांगतात, ते दोन्हींना लागू.

या सगळ्याच्या आधी मॅन्युअल उघडा. काही आउटबोर्डना जीएल-४ सांगितलेलं असतं. तिथे आकडा मोठा म्हणून जीएल-५ सरस ठरत नाही. इनबोर्डचा (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचा) गिअरबॉक्स तर वेगळंच प्रकरण: कित्येकांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा इंजिन ऑइल लागतं, गिअर ऑइल नाही. आणि गिअर ऑइलचं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ३० च्या तिप्पट जाड असंही समजू नका, दोन्हींची मोजपट्टी निराळी आहे.

जुनं ऑइल काढताना नीट बघा. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. तेव्हा महागड्या डब्याआधी सीलवर खर्च करा. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गिअरकेस उघडावीच लागेल. नवं ऑइल खालच्या भोकातून पंपाने भरा, वरून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा. वॉशर दोन्ही नवे.